आक्काचा गुडघा

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा गुडघा कधीच बिघडलेला नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईलाही नाही, आणि आक्काला तर नाहीच. आक्का बारा वर्षं त्या गुडघ्याला तेल चोळते आहे.

कसं झालं ते सांगायचं तर आधी मशीनचं सांगायला हवं.

घरातल्या पायमशीनवर कापड वळवायचं असेल तर एक हात सोडून मागचा खटका उचलावा लागतो, तेव्हा कुठं कापडावर दाबून बसलेला लोखंडी पाय वर येतो. कारखान्यातल्या पॉवर मशीनवर हेच काम गुडघा करतो. टेबलाखाली उजव्या अंगाला एक वाकडी दांडी लोंबत असते आणि तिच्या टोकाला तळहाताएवढी पट्टी. गुडघा उजवीकडं नेऊन पट्टी ढकलली की पाय उचलतो, सोडली की बसतो. दोन्ही हात कापडावरच राहतात. कॉलरच्या टोकाला आलं की सुई कापडात रुतलेली ठेवायची, गुडघा न्यायचा, कापड फिरवायचं, गुडघा सोडायचा. हे बघणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये इतकं झटक्यात व्हायला लागतं.

प्रत्येकाची मांडी वेगळी, बसायची ढब वेगळी. त्यामुळं पट्टी ज्यानं त्यानं आपल्या गुडघ्याला लावून घ्यायची आणि बोल्ट आवळून टाकायचा. आमच्या कारखान्यात न लिहिलेला एक नियम होता, की दुसऱ्याच्या मशीनवर विचारल्याशिवाय बसायचं नाही. एकवेळ दुसरीची चप्पल घाल, पण माझ्या मशीनला बसू नकोस, असं बायका एकमेकींना सांगायच्या. दहा वर्षांत तो नियम कुणी मोडलेला मी पाहिला नव्हता.

कारखाना बेळगावच्या कडेला होता. शाळांचे गणवेश आणि शर्ट शिवायचा. आम्ही शहापूरचे, साड्या विणणाऱ्या घरातले. वडिलांचे दोन माग भंगारात गेले तेव्हा आक्का निपाणीला सासरी होती. चार वर्षांनी ती एक ट्रंक घेऊन परत आली. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं. ती त्याबद्दल बोलली नाही, आम्ही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात ती कारखान्यात लागली आणि वर्षाच्या आत मलाही तिनंच तिथं नेलं.

माझी पट्टी पहिल्यांदा तिनं लावून दिली. मशीनखाली वाकून, माझा गुडघा हातात धरून म्हणाली होती, "लाथ मारू नको रं. दार ढकलल्यागत ढकल. आत कोणतरी निजलंय असं समज."

मी शिकलो. बरा शिकलो. पण तिच्यासारखा नाही. चौकड्याच्या कापडाची कॉलर ती शिवायची तेव्हा दोन्ही टोकांवर रेघ रेघेला मिळालेली असायची. माझी एका बाजूला मिळायची.

मग नमुने, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचे पहिले कपडे, शिवणाऱ्याची जागा निघाली. एकच जागा. वेगळी खोली, रांगेत बसणं नाही, तासाला इतके नग असा तगादा नाही. बेंगळूरहून एक साहेब येणार, दोघातिघांची परीक्षा घेणार आणि एकाला निवडणार. आक्कानं नाव दिलं. तिला ती जागा कशासाठी हवी होती हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. वडगावात एक खोली तिनं बघून ठेवली होती. आमच्या घरात ती मधल्या खोलीत निजायची आणि ती खोली म्हणजे परसाकडं जायची वाट. पहाटेपासून सगळ्यांची ये-जा तिच्या अंथरुणावरनं.

"मला माझं दार पायजे," ती म्हणाली. "आतनं कडी लावता यील असं. दुसरं काय नको."

नाव मीही दिलं. त्या वेळी माझं लग्नाचं वय निघून चाललं होतं. उचगावचं एक स्थळ आलं होतं. मुलीचा मामा घरी आला, चहा प्याला आणि मी काय करतो ते त्यानं नीट ऐकून घेतलं. कारखान्यात आमच्या रांगेत वीस बायका आणि मी एकटा पुरुष, हे कळल्यावर तो हसून म्हणाला, "मग ह्यांस्नी हळदीकुंकवालाच बोलवाय पायजे की." सगळे हसले. आक्काही हसली. मला तिचं हसणं लागलं. मामाचं नाही लागलं. हे विचित्र आहे, पण खरं आहे.

मी नाव दिल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दे की. तुला मिळालं तर मी काय रडत बसणार हाय व्हय?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी सोडणार न्हाय हां." ती हे चेष्टेनं म्हणाली. मी ते तसं घेतलं नाही.

परीक्षा जेवणाच्या सुट्टीनंतर होती. सगळ्याजणी डबे घेऊन बाहेर झाडाखाली गेल्या होत्या. मी पाण्याची बाटली विसरलो म्हणून आत आलो. बाटली खरोखरच विसरली होती, ते निमित्त नव्हतं. पण आत आल्यावर रांग रिकामी दिसली, आणि पाना माझ्या खिशात असायचाच. मी आक्काच्या मशीनखाली वाकलो, बोल्ट ढिला केला, पट्टी दोन बोटं उजवीकडं आणि जराशी खाली सरकवली आणि बोल्ट परत आवळला. बोल्ट मी नीट आवळला, काम चोख केलं. बाटली घेतली आणि बाहेर येऊन आक्काच्या डब्यातली चटणी खाल्ली.

दोन बोटं म्हणजे काही फार नाही. वरनं दिसत नाही. पण गुडघा उशिरा पोचतो आणि पाय अर्धाच उचलतो.

तिची पाळी पहिली होती. साहेब हातात घड्याळ घेऊन उभे. रेघांचं कापड. सरळ शिवण तिनं नेहमीसारखी पाण्यासारखी घातली. पहिल्या टोकाला गुडघा गेला, पाय पुरता उचललाच नाही, आणि तिचे हात तर सवयीनं कापड फिरवून मोकळे झालेले. कापड ओढलं गेलं, टोकाला चुणी पडली. मी तिच्या मागच्याच मशीनवर होतो. टेबलाखाली तिचा गुडघा पट्टी शोधताना मला दिसत होता. दुसऱ्या टोकाला तिनं एवढा जोर लावला की ती स्टुलावरनं अर्धी उठली. सुई मोडली.

ती खाली वाकून बघेल असं मला वाटलं होतं. बघितलं असतं तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. तिनं बघितलं नाही. कारण तिच्या मशीनला दुसरं कोण हात लावणार? तो नियम होता ना. उलट, महिन्यापूर्वी ती बसच्या पायरीवरनं घसरली होती. गुडघा आठ दिवस सुजला होता आणि नंतर बराही झाला होता. मशीनवर तिचा विश्वास होता. मग दोष द्यायला गुडघाच उरला.

साहेबांनी विचारलं, मशीन बदलून देऊ का. तिनं कानडीत सांगितलं की मशीन चांगलं आहे सर, पायच माझा चालेना.

चहाच्या वेळी बायका तिच्याभोवती जमल्या. तिची समजूत काढायला तिला बाहेर घेऊन गेल्या आणि मी पट्टी होती तिथं नेऊन ठेवली. जागा मला मिळाली. लग्न उचगावच्याच मुलीशी झालं.

दुसऱ्या दिवशी आक्का मशीनवर बसली. पट्टी जागेवर होती. सगळं पहिल्यासारखं व्हायला हवं होतं, मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्या भरवशावर मी रात्रभर निजलोही होतो. पण आता ती गुडघ्याकडं ध्यान देऊन शिवायला लागली. प्रत्येक टोकाला आधी थांबायची, मांडीवर हात ठेवायची, मग ढकलायची. असं केलं की कॉलर बिघडतेच. महिन्याभरात तिनं स्वतःच जाऊन धागे कापायच्या टेबलावर काम मागून घेतलं. तिथं उभं राहावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याची बाई दिवसभर उभी राहायला लागली आणि त्यातली विसंगती माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आली नाही.

बेळगावातल्या डॉक्टरनं फोटो काढला आणि गुडघ्यात काही नाही म्हणून सांगितलं. तिला ते पटलं नाही. "फोटोत हाडं दिसत्यात," ती म्हणाली, "नस कुठं दिसतीय?" मग कुणीतरी निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातला हाडवैद्य सांगितला. तिला मी नेलं. पाच रविवार, माझ्या मोटरसायकलवर. निपाणी आलं की ती पदर तोंडावर ओढून घ्यायची आणि गाव मागं पडेपर्यंत माझ्या पाठीआड राहायची. ज्या गावात तिला परत पाऊल टाकायचं नव्हतं त्या गावातनं मी तिला दहा वेळा नेलं-आणलं, धडधाकट गुडघा दाखवायला.

तो वैद्य तिचा पाय ताणायचा. ती पदर दातांत धरायची. पहिल्या रविवारी तो मला म्हणाला, "खांदं धरा हिचं, हलू देऊ नका." मी धरले. पुढच्या चार रविवारी त्याला सांगावं लागलं नाही.

तिथनं परत येताना एकदा तिनं मागं बसल्या बसल्या म्हटलं, "तुझ्याबिगर माझं कोण केलं असतं रं." गाडीवर वाऱ्याचा आवाज असतो. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

वडगावची खोली दुसऱ्याला गेली. आक्का अजून आमच्याच घरात आहे, त्याच मधल्या खोलीत. दोन्ही बाजूंना दारं आहेत आणि कडी एकालाही आतनं नाही. मला ती बसवता आली असती, अर्ध्या तासाचं काम. बसवली नाही, कारण ती दिसली की मला वडगाव आठवलं असतं. शेजारपाजारचे म्हणतात भाऊ असावा तर असा, टाकलेल्या बहिणीला जन्मभर सांभाळतोय. आक्काही तेच म्हणते. ती म्हणते तेव्हा मी उठून काहीतरी काम काढतो.

आता कारखान्यातली नोकरी सुटली. घराच्या पुढच्या खोलीत माझं स्वतःचं दुकान आहे, तीन मशीन आहेत. टिळकवाडीची गिऱ्हाईकं येतात, वकील आणि मास्तर लोक, कॉलर नीट पाहिजे असणारी. आक्का काजं-बटणं आणि हातशिलाई करते. मशीनवर बसत नाही. बायकोनं एकदोनदा आग्रह केला तर म्हणाली, "माझा गुडघा मला म्हाईत हाय बाई."

गेल्या महिन्यात नवीन मशीन आणलं. त्याला गुडघ्याची दांडीच नाही. खालच्या पायट्यावर टाच मागं दाबली की कापडावरचा लोखंडी पाय आपोआप उचलतो. आक्का दुपारभर लांबनं बघत राहिली. मग जवळ आली.

"ह्याला गुडघा लागतच न्हाय व्हय?"

मी नाही म्हणालो. बायको आत होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती स्टुलावर बसली. मी तिला रेघांचा एक तुकडा दिला. का दिला, कोण जाणे. साधा तुकडाही देता आला असता.

तिनं कॉलर शिवली. सावकाश, टाचेचा अंदाज घेत. आणि मी टेबलाखाली बघत होतो. प्रत्येक टोकाला टाच मागं जायच्या आधी तिचा उजवा गुडघा बाहेर जात होता. तिथं पट्टी नव्हती, काहीच नव्हतं. पण तो झटकन, बरोब्बर तेवढाच जायचा आणि परत यायचा, दार ढकलल्यासारखा, आत कोणी निजलेलं असल्यासारखा. बारा वर्षांनंतर एकदाही चुकला नाही.

तिनं कॉलर उलटवली. दोन्ही टोकांना रेघ रेघेला मिळाली होती. ती बराच वेळ त्या टोकांकडं बघत होती. मग तिनं हात गुडघ्यावर ठेवला.

"आरं," ती हळू म्हणाली, "गुडघा चालला की माझा. दुखला न्हाय."

विचारत नव्हती, नुसतं सांगत होती. पण माझ्याकडं बघत होती. बारा वर्षांत मला खरं सांगायला एवढी सोपी जागा मिळाली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "मशीन हलकं हाय ना आक्का, म्हणून."

तिनं मान हलवली. पटलं तिला. उठली, कॉलर घडी करून कपाटात ठेवली आणि तेलाची वाटी घेऊन मधल्या खोलीत गेली.

बारा वर्षांपूर्वीचं मी वय, लग्न, मामाचा टोमणा अशा कशावर तरी ढकलू शकतो, आणि मनातल्या मनात तसं पुष्कळदा केलंही आहे. गेल्या महिन्यातलं कशावर ढकलू? त्या दिवशी मला कशाचीच गरज नव्हती. जागा मिळालेली, लग्न झालेलं, दुकान चाललेलं. तरी मी तिच्या हातातनं तिचा गुडघा दुसऱ्यांदा काढून घेतला.

दुकान बंद केल्यावर हे वहीत लिहितो आहे, कारण तोंडानं होत नाही. लिहून सांगितल्यासारखं होतं असंही मी समजत नाही. पलीकडच्या खोलीत ती आता बटणं लावत बसली आहे, पाय लांब करून, गुडघ्याखाली उशी घेऊन. इथनं दहा पावलं.

तुझा गुडघा चांगला होता, पट्टी मी सरकवली होती: एवढं आक्काला तिच्या तोंडावर सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.