शिवरामचा डावा हात

चामडं कापायची रापी धारेच्या दगडावर, म्हणजे निसण्यावर, घासली की लोखंडाचा काळा गाळ सुटतो. तो कुणी मुद्दाम साठवत नाही, पण कधीतरी निसणा उचलावा तर खाली बोटभर थर सापडतोच. अलिबागच्या टांगा-अड्ड्याशेजारी तात्यांचं चामड्याचं दुकान होतं. माझी उमेदीची वर्षं तिथंच गेली, आणि तिथले किस्से माझ्या डोक्यात असेच साठलेत. आज थोडा गाळ काढतो. तुम्हाला धक्के बसतील. आम्हाला तर तेव्हा उठसूट बसायचे!

दुकानात आम्ही चौघं. मालक तात्या, बडबड्या भिकू, अबोल शिवराम आणि मी. काम घोड्यांच्या साजाचं, पट्ट्यांचं, चपलांचं. पट्टा कापला की त्याची कड टोकदार राहते आणि घोड्याचं अंग सोलते. म्हणून लहान रापीनं ती कड गोल करून घ्यायची. रापीला धार असली तर चामड्याची लांब दोरी सुटत जाते. धार गेली की रापी चामडं कापत नाही, नुसती ओढते.

धार आली की नाही हे बघायला आम्ही रापी स्वतःच्या डाव्या हातावर फिरवायचो. केस उडाले म्हणजे आली. त्यामुळे चांगल्या कारागिराचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम भादरलेला. आणि तात्यांचा कायदा एकच, दुसऱ्याच्या रापीला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या हाताचा कल वेगळा, परक्या हातात रापी बिघडते असं ते म्हणायचे.

*

एकदा देवीची लस टोचणारे डॉक्टर चपला घ्यायला आले. नव्या चपला पायात घालून खूश होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष आमच्या हातांकडे गेलं. सगळ्यांचे डावे हात गुळगुळीत, उजव्यांवर केस! त्यांनी चष्मा सारखा केला.

"हे कधीपासून?" त्यांनी तात्यांना विचारलं.

तात्यांना वाटलं, धंद्याबद्दल विचारतायत. "आज्यापासनं हाय," ते म्हणाले. "बापालाबी व्हतं. आता माझ्याकडनं ह्या पोरांना आलं."

डॉक्टर चपला तिथंच सोडून भर उन्हात अनवाणी निघून गेले. आम्ही बघतच राहिलो. ते का पळाले हे आमच्या डोक्यात शिरेपर्यंत ते बाजार ओलांडून गेले होते.

*

भिकू एकदा बोटीनं मुंबईला गेला आणि विलायती रापी घेऊन आला. चकचकीत मूठ, पात्यावर इंग्रजी अक्षरं. दुकानदारानं म्हणे गॅरंटी दिली होती, वर्षभर धार लावायला नको. भिकूनं ती गॅरंटी इतकी मनावर घेतली की रापी निसण्याच्या आसपाससुद्धा न्यायचा नाही. दिवाळीपर्यंत ती लाकडी पट्टीइतकी बोथट झाली, पण गडी ऐकेना.

त्या रापीनं त्यानं किहीमच्या एका वाडीवाल्याच्या कमरपट्ट्याची कड घेतली. वाडीवाला पट्टा बघून म्हणाला, "ह्याला उंदीर लागलेत का?"

भिकू शांतपणे म्हणाला, "मुंबईत सध्या हीच फॅशन हाय, शेट."

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण वाडीवाला पट्टा कमरेला लावून गेला. पुढच्या बाजाराला त्याचा मेव्हणा आला आणि म्हणाला, मलाही तसाच उंदरांनी खाल्लेला पट्टा पाहिजे. तात्यांनी त्या दिवशी जेवणच घेतलं नाही.

*

आता शिवराम. धरमतरच्या रस्त्याला एक मोटार मोडून पडली होती. तिच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा त्यानं मिळवला आणि पोयनाडच्या लोहाराकडून त्याची रापी घडवून घेतली. मोटारींनी टांगेवाल्यांच्या पोटावर पाय आणलाच होता. त्यातल्याच एकीच्या हाडाची ही रापी.

ती धार सोडेचना! सबंध साज झाला, दुसरा झाला, शिवरामची रापी अजून पहिल्यासारखी. आम्हाला वाटलं, हा चोरून धार लावतो. म्हणून भिकूनं त्याचा निसणा लपवला. कितीतरी दिवसांनी त्यानंच कंटाळून तो परत ठेवला. निसणा जागेवर नव्हता हे शिवरामच्या गावीही नव्हतं.

आम्ही हबकलो, पण त्यातला खरा धोका कुणाच्याच ध्यानात आला नाही. धार लावायची नाही म्हणजे धार बघायची नाही. शिवरामच्या डाव्या हातावर भरघोस केस आले.

*

आमच्यात मुलगा बघायला आलेला सासरा आधी मुलाचा डावा हात बघतो. तोंड नंतर. शिवरामचं लग्नाचं वय मागे पडत चाललं होतं, म्हातारी आई देवळादेवळांतून नवस करत होती. आणि चौलहून पाव्हणे आले. मुलीच्या बापानं शिवरामची बाही वर सारली, केस बघितले, आणि हातातला चहा खाली ठेवला.

"ह्यो पोरगा बसून खातोय," एवढं बोलून ते उठले.

तात्यांनी रापीची हकिगत सांगितली. धार न जाणारी रापी असते यावर कोण विश्वास ठेवणार? पाव्हण्यांना ती थट्टाच वाटली.

पुढचं स्थळ रोह्याचं. या वेळी भिकूनं अक्कल लढवली. शिवरामला न्हाव्याकडे नेऊन त्याचा हात साबण लावून, तुरटी फिरवून चकाचक करून आणला. आम्ही निश्चिंत झालो. रोह्याच्या बापानं हात उजेडात धरला, उलटसुलट केला, आणि त्याचा चेहराच बदलला. रापीनं भादरलेल्या हातावर एक पट्टा आजचा, एक कालचा, एक परवाचा असतो. हा सगळा एका दमात झालेला.

"ह्यो वस्तऱ्याचा हात हाय," तो म्हणाला. "मला फसवायला बसलाव व्हय?"

आळशी परवडला, पण खोटारडा! ही बातमी खाडीपल्याडसुद्धा गेली. शिवरामच्या आईनं बाजारात येणं सोडलं. मला भिकूचा असा राग आला होता की मी कितीतरी दिवस त्याच्याशी बोललो नाही.

*

मग एका सकाळी तात्या मागच्या विहिरीवर गेले आणि जागच्या जागी थिजले. शिवराम काठावर बसून आपली रापी विहिरीच्या दगडावर खरखरा घासत होता. मुद्दाम, धार घालवायला!

"मेली एकदा की समद्यांसारखी हूईल," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रापीला हात लावला. ती त्याच्या मुठीतून काढून घेतली आणि पातं उजेडाला धरलं. मग खाली वाकून दगड बघितला. चरा दगडावर पडला होता, रापीवर नव्हता.

त्यांनी रापी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आपल्याकडे ठेवून घेतली.

*

शेवटचं स्थळ रेवदंड्याचं. मुलीच्या वडिलांना सगळे आबा म्हणत, तेही आमच्यासारखेच साज करणारे. आबांची दृष्टी मोतीबिंदूनं पार गेलेली, घरात दुसरा पुरुष माणूस नाही, तरी त्यांच्याकडच्या साजाच्या कडा आम्हाला लाजवतील अशा. ते कसं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

तात्या, शिवराम आणि मी गेलो. मुलगी, गंगू, खाली मान घालून भिंतीशी बसली होती. आबांनी शिवरामचा हात मागून घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली. केसच केस. आबांची बोटं थांबली. शिवरामनं डोळे मिटून घेतले. बिचाऱ्याला पुढचं पाठ होतं.

तात्यांनी कमरेची रापी काढली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. मग म्हणाले, "पाव्हणं, ही निसण्यावर जात न्हाय. मागं एका घरानं मला येड्यात काढलंय. तुमी बी काढा."

आबा हसले नाहीत. त्यांनी नुसती मान मुलीच्या बाजूला वळवली.

गंगू उठली. तिनं रापी उचलली, दारातल्या उजेडात नेली आणि एक डोळा बारीक करून पात्याची कड बघितली. परत आली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत शिवरामचं मनगट धरलं! मुलीनं, बघायला आलेल्या मुलाचा हात, वडीलमाणसांसमोर! माझ्या हातातला चहा बशीत सांडला. तात्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

तिनं जिभेवर बोट टेकवलं, ते त्याच्या हातावरून ओढलं आणि त्यामागून रापी फिरवली. एकदाच. केसांमधून स्वच्छ पांढरा पट्टा निघाला. तिनं फुंकर मारून केस उडवले आणि पुन्हा भिंतीशी जाऊन मान खाली घालून बसली. रापी तिच्या मांडीवरच होती.

शेवटी तात्यांनी घसा खाकरला आणि रापी परत घ्यायला हात पुढे केला.

गंगूनं मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे इथंच," ती म्हणाली. "न्ह्यायची तर दोघींना एकदम न्ह्या."