बशीरच्या अम्मीचं गाणं

मी आयुष्यभर माईकवर बोललो. सुचलं ते बोललो, सुचलं नाही तेव्हाही बोललो. ही एक गोष्ट मात्र आजवर तोंडातून निघाली नाही — घरात नाही, दोस्तांत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. बसा जरा.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात ऑर्केस्ट्राला काय मान होता म्हणून सांगू. गणपतीत तर आज ह्या मंडळाकडं, उद्या त्या गावात, श्वास घ्यायला सवड नसायची. आमच्या ऑर्केस्ट्राचा निवेदक मी. गाणारे बरे होते, वाजवणारे चांगले होते, पण लोक यायचे ते माझं ऐकायला. फुशारकी मारतोय असं वाटतंय? मारतोय की. खरंच होतं ते.

बाकीचे निवेदक फर्माईशीची चिठ्ठी वाचून मोकळे व्हायचे. मी नियमच काढला होता — गाणं पाहिजे तर त्यामागची आठवण सांगायची. कार्यक्रमाआधी स्टेजमागं माणसं थांबलेली असायची. एक एसटीचा कंडक्टर होता. पोरीकडून होकार आल्याचं कळलं तेव्हा हॉटेलात वाजत होतं ते गाणं तो मागायचा. तालमीतला एक आडदांड पैलवान दर वर्षी अंगाई मागायचा आणि पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडायचा. ह्यांच्या आठवणी मी अशा रंगवायचो की गाणं सुरू व्हायच्या आधीच लोक डोळे पुसायला लागायचे. हे माझं कसब. मला त्याचा आजही अभिमान आहे, आणि का नसावा?

आता बशीरकडं येतो. येतो म्हणतोय खरा — पण जीभ रेटत नाही.

बशीर आमचा अकॉर्डियनवाला. उचगावचा, घरी शिवणकाम. अबोल माणूस, पण हातात जादू. फक्त एका गाण्यात — नदीकाठी वाट बघत बसलेल्या बाईचं जुनं सिनेमातलं गाणं होतं ते — तिसऱ्या ओळीला तो हमखास चुकायचा. सूर वर चढायचा तिथं हा खाली उतरायचा. आम्ही त्याची टर उडवायचो. तो हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच वाजवायचा.

एकदा राधानगरीकडून परतताना टेम्पो पंक्चर झाला. चहा पीत बसलो होतो, तेव्हा त्यानं मला कारण सांगितलं. मला एकट्याला. लहानपणी त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, आणि अम्मी बाहेर फारशी पडायची नाही. ती त्याला चौकातल्या हॉटेलापुढं उभं राहून गाणं ऐकून यायला लावायची. हा ते तोंडात घोळवत पळत घरी यायचा आणि शिलाई मशीनवर बसलेल्या अम्मीला म्हणून दाखवायचा. तसं पळतानाच ह्या गाण्याची तिसरी ओळ बिघडली. अम्मीनं ते गाणं त्याच्या तोंडून ऐकलं तेवढंच. रेडिओवर तिनं ते कधी ऐकलं नाही, आणि गेली.

"बरोबर वाजवलं की ते अम्मीचं ऱ्हात न्हाय," बशीर म्हणाला.

आजवर कुणी मला असली आठवण आणून दिली नव्हती. मनात पहिलं आलं ते हेच — त्याची अम्मी नव्हे. आहे की नाही कमाल?

मग गडमुडशिंगीचा कार्यक्रम आला. त्या दिवशी काही केल्या रंग भरेना. माणसं उठायला लागली. मी माईकवर असताना माणसं उठतात म्हणजे काय? मला सोसलंच नाही. आणि मी सुरुवात केली — माझी आई. आमच्या घरी रेडिओ नव्हता. आमच्या घरी! वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान, सोप्यात भला थोरला रेडिओ, त्यावर आईनं विणलेला रुमाल. पण मी सगळं सांगितलं. हॉटेल, ते पळत येणं, शिलाई मशीन, बिघडलेली ओळ. उठलेली माणसं खाली बसली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बशीर माझ्या पाठीमागं अकॉर्डियन घेऊन बसला होता.

मी मागं वळून बघितलं नाही. भेकडपणा, दुसरं काय?

मग त्यानं गाणं धरलं. तिसरी ओळ आली — आणि त्यानं ती बरोबर वाजवली. सूर वर गेला. लोकांना काय कळणार? मला कळलं. त्यानंतर बशीर त्या ओळीला कधीच चुकला नाही.

आणि मी सांगायचं थांबवलं का? छे. ती माझी हुकमी आठवण झाली. सांगलीपासून निपाणीपर्यंत चिठ्ठ्या यायच्या — तुमच्या आईचं गाणं होऊ द्या. दर खेपेला मी ती थोडी घासूनपुसून सांगायचो. टाळ्या पडायच्या. खोटं कशाला बोलू — त्या टाळ्या आठवल्या की आजही छाती फुगते. बशीर मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी त्यालाच उलट चार शब्द सुनावले असते.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा त्याच्या मुलीचं, शबानाचं लग्न झालं. जावयाची पहिली ईद होती, मलाही जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर शबाना सासरच्या माणसांना माझं कौतुक सांगायला लागली. मग मला म्हणाली, "काका, तुमच्या आईची ती रेडिओची आठवण सांगा की."

म्हणजे बशीरनं पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती माझी आई नव्हे, तुझी आजी — एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी.

बशीरनं शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढं ठेवली. "सांग की," तो म्हणाला. "पावणं वाट बघायलेत."

मी सांगितली. त्या दिवशी रंगली तशी ती कधीच रंगली नव्हती. शबाना ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या आईला बघायला पायजे होतं, काका."

"व्हय," मी म्हणालो. "लई मायाळू होती."