आमच्या गल्लीच्या पाण्याची ओळ

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या. वेळ ठरलेली नसते. पाणी सोडणारा माणूस आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणाला तरी सांगतो आणि तिथून ते तोंडातोंडी पसरतं.

माझी मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करत होती तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. तिने मोबाइलवरच, प्रोग्राम लिहायच्या काळ्या पडद्यावर टाइप करून एक पान तयार केलं. लिंक दाबली की कुठल्या गल्लीला कधी पाणी येणार ते दिसतं. बायका त्या पानावर इतक्या विसंबल्या की पुण्याला नोकरीला जाताना तिला ते बंद करवेना. आपला जुना मोबाइल तिने माझ्याकडे दिला.

"आई, आता तू सांभाळ."

मी चौथी शिकलेली. खानावळीला भाकऱ्या करून देते. मी म्हटलं, "मला कुठलं जमतंय."

"मराठी लिहिता येतं ना? मग झालं. बाकीच्या अक्षरांना हात लावायचा नाही."

बाकीची अक्षरं म्हणजे प्रोग्राम. त्याच्या मधोमध आमच्या गल्ल्या आहेत, प्रत्येक गल्लीची एक ओळ, त्यात वार आणि वेळ. पान सांभाळणाऱ्या आम्ही दोघी. दुसरी मागच्या बोळातली भाभी. ती नवी पेठेतल्या दुकानाच्या साड्यांना फॉल लावते. पानाची एक प्रत तिच्या मोबाइलमध्ये असते, एक माझ्या, आणि खरं पान इंटरनेटवर. लिहून झालं की मुलीने सोपे करून दिलेले दोन शब्द टाइप करायचे. 'ओढ' म्हटलं की भाभीचा बदल माझ्याकडे येतो. 'ढकल' म्हटलं की माझा वर जातो.

दोघींनी एकच ओळ बदलली असेल तर मशीन अडतं. कुणाचं खरं ते त्याला कळत नाही. मग ते दोघींच्या ओळी खालीवर ठेवतं, वरती बाणांची रांग, मध्ये गणितातल्या बरोबरच्या खुणांची, खाली पुन्हा बाण, आणि थांबून राहतं. आपण एक ओळ ठेवायची, एक खोडायची, बाण आणि खुणा काढून टाकायच्या. मग आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं आणि इंग्रजी ओ दाबायचा, म्हणजे सेव्ह होतं. पहिल्या वेळी मी मोबाइल पालथा ठेवून तासभर त्याच्याकडे गेलेच नव्हते. नंतर सवय झाली.

सवय कसली, तर मी माझी ओळ खोडायची. भाभी इथलीच, चार जणींशी बोलणारी. मी वैरागहून लग्न होऊन आले त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी गल्लीत खाली बघून चालते. तिलाच जास्त माहीत असणार, असं मी धरून चालले होते.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीपुढे मी 'सकाळी सहा' लिहिलं होतं आणि भाभीने 'संध्याकाळी पाच'. मी माझं खोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्याच नळाला पाणी आलं. मला वाटलं, येतं कधी दोनदा. मी भांडी भरली आणि गप्प बसले. संध्याकाळी पाचला पुन्हा काही माझ्या नळाला आलं नाही.

पुढच्या पाण्याच्या वेळी मी पुन्हा तेच केलं, आणि त्या वेळी पाणी सगळीकडे सकाळीच आलं. गल्लीच्या मध्ये पिठाची चक्की आहे, माझं घर तिच्या वरच्या अंगाला; खालच्या टोकाला एक बाई राहते, टॉवेलच्या कारखान्यात जाते, घरात दुसरं कुणी भरायला नाही. तिने पान बघून संध्याकाळची सुट्टी टाकली होती. ती दारात आली.

"ओ भाकरीवाल्या बाई, तुमच्या त्या पानानं नळ सोडला व्हय? माजा हौद कोरडा हाय की."

मी म्हटलं, "चूक झाली."

"चूक झाली म्हनून पाच दिवस काय पिऊ? एवढं घरात बसून लिवताय तर एक डाव बाहेर येऊन बघा तरी."

मी दोन घागरी तिच्या दारात नेऊन ठेवल्या. सकाळी सहा मीच लिहिलं होतं, हे सांगितलं नाही.

रात्री मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. तिला तिकडून जुने बदल सगळे दिसतात. तिने ते उघडून पाहिले.

"आई, तू प्रत्येक वेळी तुझीच ओळ खोडलीस. एकदाही तिची नाही."

"तिला माहीत असतं गं."

"तुला कुणी सांगितलेलं असतं?"

"पाणी सोडणाऱ्यानेच. भाकऱ्या द्यायला जाते तेव्हा वाटेत भेटतो."

"मग? अगं, ते मशीन विचारायला थांबतं, खोडायला नाही. तुम्ही दोघींनी बोलायचं आणि मग ठेवायचं."

पाचव्या दिवसाच्या आदल्या दुपारी पुन्हा तेच. सकाळी सहा, संध्याकाळी पाच. चुकीची वेळ गेली तर खालच्या बाईचा हौद पुन्हा पाच दिवस कोरडा. माझं बोट माझ्या ओळीवर गेलं होतं. मी मोबाइल तसाच उघडा हातात धरला आणि मागच्या बोळात गेले.

भाभी दारात साडी पसरून बसली होती. "या की. आज पायी? रोज तर तुमचे बानच येतात."

मी मोबाइल पुढे केला. "तुम्हाला संध्याकाळचं कुणी सांगितलं?"

"पानी सोडनाऱ्यानंच. तुमाला?"

"मलाही त्यानेच."

"मग मुआ दोघींना दोन सांगतो की." सुई दोऱ्यात अडकवून ती नीट बसली. "काय बोलला तो? हुबेहूब सांगा."

"चक्कीच्या वरच्या अंगाला सकाळी, म्हणाला."

"आनि मला म्हनला, चक्कीच्या खाली सांजच्याला."

भाभीने सासऱ्यांना आवाज दिला. ते म्हणाले, चक्कीपाशी नवा व्हॉल्व्ह बसवलाय, गल्लीचे दोन भाग झालेत. खालच्याला वेगळ्या वेळी पाणी सोडतात, पण मेन लाइनला जोर असला की कधी दोन्हीकडे सकाळीच सोडून मोकळे होतात.

"उद्या काय करनार?" भाभीने विचारलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं. भाभी टपरीवर निघाली आणि माझा हात धरून मलाही घेऊन गेली. पाणी सोडणारा तिथेच होता. भाभी बोलेल म्हणून मी थांबले, तर ती माझ्याकडेच बघत राहिली. मग मीच विचारलं. तो म्हणाला, "उद्या दोन डाव सोडनार, ताई. वर सकाळी, खाली पाचला."

परत येऊन भाभीच्या दारात बसून आम्ही बाण आणि खुणा काढल्या. ओळ कुणाचीच खोडली नाही. माझ्या ओळीत गल्लीच्या नावापुढे 'चक्कीच्या वर' लिहिलं, तिच्या ओळीत 'चक्कीच्या खाली'. दोन ओळींमधला स्वल्पविराम राहिला होता तो भाभीने दाखवला. मग मी 'ढकल' टाइप केलं.

घरी परतताना खालची बाई कारखान्यातून येत होती. मी नेहमीसारखी खाली बघून निघाले होते, पण थांबले.

"उद्या तुमच्याकडे संध्याकाळी पाचला," मी म्हटलं.

"पानावर हाय व्हय?"

"आहे. मी विचारून आलेय."

"मग टाकू सुट्टी?"

"टाका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच मी तिच्या नळाशी जाऊन उभी राहिले. ती आत पाट शोधत होती. पाच वाजून गेले, नळ नुसता फुसफुसत होता. तिने आतून येऊन पाइप नळाला लावला. मग पाणी आलं. तिने पाट सरकवून मला बसायला दिला आणि पाइप हौदात सोडला.