केळव्याच्या काकांचे पत्ते

या जगात कोण कुठे राहतं हे ज्या एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं, तो बोईसरच्या एका रंगांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. मी हे थट्टेनं म्हणत नाही. नव्वदच्या दशकात मी तिथल्या संगणक विभागात उमेदवार म्हणून लागले, तेव्हा सगळे त्यांना 'केळव्याचे काका' म्हणायचे. मीही म्हणू लागले, पण मनातल्या मनात. पालघरहून शिफ्टच्या बसनं यायचं, मान खाली घालून बसायचं आणि आपलं कॉन्व्हेंटमधलं मराठी कुणाला ऐकू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. काकांनी तो आठवडाभर चालू दिला. मग एकदा विचारलं, "बाय, तू ऱ्हातेस कुठं?"

"पालघरला."

"पालघर लय मोठं हाय. आळी कुठली, घर कुठलं, दार कुठल्या बाजूला?"

दाराची दिशा मला सांगता आली नाही. "घरी जाऊन बघून ये," ते म्हणाले. मी खरोखर बघून आले. पूर्वेला होतं.

आमचं कामच तसं होतं. कारखान्यात सहा-सात संगणक होते. एकावर प्रयोगशाळेचे निकाल, एकावर गोदामातला साठा, एक गेटवर. गेटवरच्या संगणकाला एखाद्या मालाचा निकाल हवा असला, की तो प्रयोगशाळेच्या सर्व्हरला दुरूनच हाक मारायचा: माझं एवढं काम करून दे. पण हाक मारायची कुठे? त्यासाठी एक यादी असायची. कुठलं काम कुठला सर्व्हर करतो, तो कुठल्या पत्त्यावर बसतो आणि कुठल्या दारी हाक ऐकतो, हे सगळं त्या यादीत. ही यादी माणसानं भरायची, काळ्या पडद्यावर हातभर लांब आज्ञा टाइप करून. त्यात एक टिंब चुकलं तर यादी तक्रार करायची नाही. ती मुकाट्यानं चुकीचा पत्ता लिहून घ्यायची आणि दिवसभर लोकांना तिकडे पाठवत राहायची. काका म्हणायचे, "यादी भोळी हाय. सांगणाऱ्यानं शहाणं असायला पायजे."

काका आज्ञा टाइप करायला बसले की देवघरात बसल्यासारखी शांतता व्हायची. ते मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचे, कारण त्याच्या टिकटिकीत आकडे मिसळतात असं त्यांचं म्हणणं. दोन तर्जन्यांनी ओळ टाइप करायचे. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून, म्हणजे चुकून एंटर दाबला जाऊ नये म्हणून, ती ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचे. सुरुवातीकडून वाचलं की डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, म्हणे. त्यांच्यासाठी कुणीतरी मुंबईहून मेनूवाला प्रोग्राम आणला होता, नुसतं टिचकी मारून नोंदणी करायचा. काकांनी त्याचा माऊस नीट पुसून परत खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "पावण्यास्नी दमवू नये."

कारखान्याबाहेरही त्यांची नोंदणी थांबत नसे. बोईसरमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार सारखे खोल्या बदलायचे. कुणी खोली बदलली की काका जेवणाच्या सुट्टीत सायकल काढून पोस्टमनला सांगून यायचे. एका बिहारी ऑपरेटरच्या आईची पत्रं तीन खोल्या बदलूनही त्याला अचूक मिळत राहिली. "हमसे पहले चिट्ठी पहुँच जाती है," तो म्हणायचा. केळव्याच्या बीचवर आलेली मुंबईची माणसं रस्ता विचारायची, तर काका सुपारीच्या वाड्या मोजून सांगत. 'पाण्याच्या टाकीजवळ' असा पत्ता सांगणाऱ्यावर मात्र ते खरोखर रागवायचे. "टाकीला चार बाजू हायत. तू कुठल्या बाजूला मेलास?"

माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपायला चार दिवस उरले होते. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब सोमवारी ठरवणार होते. नेमकी त्याआधीच्या शुक्रवारी काकांच्या पुतणीची हळद, आणि नेमका त्याच सकाळी प्रयोगशाळेचा सर्व्हर नव्या इमारतीत हलवला गेला. त्याला नवा पत्ता मिळाला. काका नव्हते. मी घड्याळ काढलं, ओळ टाइप केली, हात मांडीखाली घेतले, उलटी वाचली आणि एंटर दाबला. एकही चूक नव्हती.

दुपारपर्यंत गेटवर ट्रकांची रांग लागली. गेटवरचा कारकून धावत आला. "म्याडम, तुमचा संगणक रुसलाय काय? एकदा बोलतो, एकदा नाय. माल सुटंना!" मी आज्ञा पुन्हा दिली. तेच. साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "पाच वाजेपर्यंत बघू. नाहीतर सोमवारी आपण बसून बोलू." ते बोलणं कसलं असेल हे मला कळत होतं.

मी केळव्याला त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. मागे सनई आणि बायकांचा कलकलाट. काका आले, बहुधा हळदीच्याच हातानं. मी कसंबसं सांगितलं.

"नवा पत्ता सांगितलास. जुना काढलास काय?"

मी पडद्यावर पाहिलं. काढला नव्हता.

"अगं, यादीत आता दोन घरं हायत. ती एकाला हितं पाठवते, दुसऱ्याला तितं. तितं कोण हाय? कुलूप! घे लिहून." आणि त्या गोंगाटात त्यांनी जुना पत्ता काढायची ती हातभर ओळ पाठ सांगितली. "एक. नऊ. दोन. टिंब. एकेक आकडा सांगतो, तुम्हा कान्वेंटवाल्यास्नी ब्याण्णव कळायचं नाय." मी ती टाइप केली, उलटी वाचली. ते तिकडून हुंकार देत होते. एंटर. दोन मिनिटांत खालून पहिला ट्रक सुटल्याचा आवाज आला.

साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची होती?"

"माझी," मी म्हटलं.

फोनमध्ये काकांना ते ऐकू गेलं असावं. "सायेबाला दे," ते म्हणाले. साहेबांनी "हं", "हं", "अच्छा" एवढंच म्हणून फोन ठेवला. सोमवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. काय बोललात, असं मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "जेवायला बोलावलं. आले नायत."

काही वर्षांनी काका निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला साहेब सहज मला म्हणाले, "ह्या माणसानं तेव्हा तुला वाचवलं. मला फोनवर सांगितलं, जुना पत्ता काढायचा असतो हे पोरीला मी शिकवलंच नाय, चूक माझी."

मी मान हलवली. मी कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी ते मला शिकवलं होतं, आणि माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं होतं.

पलीकडे काका बशीत चहा ओतत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"काय गं बाय?"

"काही नाही, काका."