बॉनेट दिसतंय का?

आमच्याकडे गाडी हा ह्यांचा प्रांत. मी डोंबिवलीतल्या डोंबिवलीत चालवायचे, तीही उशीवर बसून, कारण माझी उंची बेताची. त्या उशीला ह्यांनी सिंहासन असं नाव ठेवलेलं.

गेल्या वर्षी काचबिंदूने ह्यांची कडेची नजर खाल्ली आणि यापुढे गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गणपतीला कोकणात गावी गाडीनेच जायचं, हा ह्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आता गाडी कोण नेणार, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मी सोडून होतं तरी कोण? आणि मला तर घाट नुसता आठवला तरी कापरं भरायचं.

त्यात जुनी गाडी दमलेली. नवी घ्यायची ठरली तेव्हा मी म्हटलं, सेडान. गरीब, शहाणी गाडी, सोसायटीच्या दोन खांबांमध्ये नीट बसणारी. हे म्हणाले, एसयूव्ही. मी भडकलेच. "अहो, चालवणार मी आणि रणगाडा हवाय तुम्हाला! कोलशेतच्या तुमच्या मित्राने घेतली म्हणूनच ना?"

ह्यांनी एसयूव्हीचं माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवलं. भांडणात कारण न सांगणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. शेवटी लेक म्हणाली, "अगं आई, बघून तर ये. बघायला काय पैसे पडतात?"

ठाण्याच्या शोरूममध्ये सेल्समनने चावी ह्यांच्यापुढे धरली. "मॅडम चालवणार," हे म्हणाले. मी आधी सेडानमध्ये बसले. गाडी देखणी होती, पण समोर डॅशबोर्ड आणि त्याच्यावर थेट आभाळ. गाडीचं नाक कुठे संपतं, पत्ता नाही. म्हटलं, असू दे, उशी आहेच की.

मग साडी सावरत एसयूव्हीत चढले. हे दाराशी उभे राहिले. सेल्समनला सांगून त्यांनी सीट वर घ्यायला लावली. मग अजून थोडी.

"आता बॉनेट दिसतंय का?"

दिसत होतं. दोन्ही कोपऱ्यांपर्यंत, आणि त्यापुढचा रस्ताही. उशीशिवाय. इतके दिवस हे हट्टाला का पेटले होते ते तेव्हा कळलं.

"दिसतंय हो. सगळं दिसतंय."

"मग झालं तर." हे पुढून वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसले, पट्टा लावला. सेल्समन मागे बसला. "आता गावापर्यंत वाटेत काय काय दिसतं, ते मला सांगत जायचं. एकही वळण गाळायचं नाही."

मी गाडी सुरू केली. गावाला जायला अजून अवकाश होता, पण मी शोरूमच्या फाटकापासूनच सुरुवात केली. "डावीकडे रिक्षा आहे," मी म्हटलं. "उभीच आहे. घाबरू नका."