कोंडाबाईच्या घरातलं माहेर

“माझी लेक पयल्या खेपेला सासरी बाळातीन व्हायची? आन मी काय मेले व्हय?”

विहीणबाई कोंडाबाईंच्या ओट्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. आवाज असा, की चुडाव्याच्या स्टेशनात उभ्या गाडीनं सिग्नलची वाट न बघता निघून जावं. गल्लीतली कुत्री केव्हाच घरात गेली होती. मी आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण एवढ्या आवाजात कोणाला ना कोणाला रुग्णवाहिका लागणारच, अशा हिशेबानं मी गाडी कडुलिंबाखाली लावून थांबलो होतो.

ज्यांच्यावर हा मारा चालला होता त्या कोंडाबाई ओट्याच्या पायरीवर बसून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होत्या. कोकराचं पोट भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. हातातलं जनावर आधी, भांडण मग, असा त्यांचा शिरस्ता. कोकरू सोडल्यावर म्हणाल्या, “ईनबाई, घसा वाळला आसंल. पानी घ्या.”

ही वाडी गंगाखेडपासून आडबाजूला. उंबरे शंभर-सव्वाशे, मेंढरं किती ते मेंढरांनाच ठाऊक. निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. कोंडाबाई ऊसतोडीला कधी गेल्या नाहीत. मेंढरं सोडून कुठं जाणार? उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, पण डोक्यावरचा पदर एकदम सरकारी शिक्क्यासारखा पक्का. एकदा वाऱ्यानं शाळेचे पत्रे उडाले, पण यांचा पदर जागचा हलला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळेला तेव्हा पत्रे होते की स्लॅब होता, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

माझी-त्यांची ओळख मात्र चांगल्या दिवशी झाली नाही. वाडीत सरकारी उपकेंद्र होतं, पण त्याला कुलूप होतं. सिस्टरला दुसऱ्या गावी कामाला लावलेलं, आणि ती इथं फक्त मंगळवारी येई, लसीची पेटी घेऊन. कोंडाबाईंची लेक राधा माहेरी आलेली असताना शुक्रवारी तिला कळा सुरू झाल्या. फोन आला, मी गाडी घेऊन गेलो. रस्ता असा, की एकेका खड्ड्यात उतरल्यावर वर यायला दुसरा गिअर टाकावा लागे. राधा वाटेतच बाळंत झाली. लेकरू तालुक्याला पोचलं नाही. त्या दिवशी मी गाडी जितकी पळवता येते तितकी पळवली होती, आणि या एका वाक्यात मी काहीही वाढवून सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या आवारात कोंडाबाई मला म्हणाल्या, “तुजं काई चुकलं न्हाई, डायवर. तुजे दोन्ही हात ष्टेरिंगवर व्हते. तिच्यापाशी कोनाचे व्हते?”

 

पुढच्या पाडव्यानंतर, ऊसतोडीची माणसं परतली तेव्हा, त्यांनी वाडीतल्या सतरा आयांना घेऊन आरोग्य खात्याचं जिल्ह्याचं ऑफिस गाठलं. कडेवर लेकरं, पिशवीत भाकरी, आणि साक्षीला मागं मी. ऑफिसचा व्हरांडा त्यांनी असा भरला, की शिपायाला साहेबांचा चहा खिडकीतून द्यावा लागला. साहेब माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. “मावशी, हे बघा. तुमच्या उपकेंद्रात वर्षभरात एकही बाळंतपण नाही. सिस्टर तिथं बसून काय करील?”

कोंडाबाई म्हणाल्या, “सायेब, आमच्या सुनांची पयली बाळातपनं त्यांच्या माहेराला व्हतेत. उसाच्या बायकांची फडात व्हतेत. राहिलेल्यांची ह्या डायवरच्या गाडीत. तुमच्या कागदावर कुठून येतील?”

साहेब म्हणाला, मंगळवारी सिस्टर येतेच की.

“लेकरू काय मंगळवार बगून येतंय का? आमी मेंढी व्यायला लागली तरी रातभर तिच्यापाशी बसतो. तिला सोडून न्हाई जात. बाईपाशी बसनारं एक मानूस द्या म्हनायलो आमी.”

साहेबानं बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. शेवटी म्हणाला, दसऱ्यापर्यंत सिस्टर पूर्णवेळ देतो. तोवर दहा बाळंतपणं उपकेंद्रात दिसली तर ती कायम. नाही दिसली तर ती परत जाईल, मग माझ्याकडं येऊ नका.

सुनंदा सिस्टर आली. मी आयुष्यात पुष्कळ नर्सा गाडीतून नेल्या-आणल्या, पण ही वेगळी होती. हिला बाळंतपणाचं खास शिक्षण होतं आणि बसायचा धीर होता. बाईला खाटेवर उताणं टाकून ओरडायची नाही. तिच्याबरोबर अंगणात फेऱ्या मारायची, कंबर चोळायची, मधूनमधून बाळाचे ठोके ऐकायची. दोनदा तिनं मला वेळेआधी बोलावलं, स्वतः गाडीत बसून तालुक्यापर्यंत आली, आणि दोन्ही वेळा माणसं धड परत आली. कोंडाबाई सगळ्यांना सांगत फिरायच्या, “गाडी पळती, सिस्टर बसती. दोन्ही लागतेत, पर आधी बसनारी.”

सिस्टर मिळाली, पण दहा बाळंतिणी आणायच्या कुठून? कोंडाबाईंनी माहेर कामाला लावलं. वाडीच्या जितक्या लेकी बाहेर दिल्या होत्या, त्यातल्या पोटुशी कोण कोण, याचा त्यांनी असा शोध घेतला की काही नवऱ्यांना बातमी यांच्याकडूनच कळली म्हणतात. पहिलं असो नाहीतर तिसरं, माहेरीच या. एखादी सासू अडून बसली की या स्वतः एसटीनं तिच्या दारात. “सुनंला दीड महिना करून घालायचं तुमचं काम वाचायलंय, बाई. वर बाळ-बाळातीन धड हाती यील.” सासवा विरघळायच्या. एक लेक थेट पुण्याहून आली. तिच्यामागं नवरा आला, नवऱ्यामागं त्याची आई आली आणि ती श्रावण संपला तरी हलली नाही.

भादव्यात नऊ झाली. दसऱ्याच्या आत दिवस भरणारी वाडीत एकच उरली होती: कोंडाबाईंची स्वतःची सून मीरा. पहिलटकरीण. आणि तिला रीतीप्रमाणं न्यायला झरीच्या पलीकडच्या गावाहून तिची आई आली होती. ओरडत होत्या त्या ह्याच विहीणबाई.

पाणी पिऊन त्यांनी आवाज खाली आणला, तो जास्त भारी होता. “तुमाला दहाचा आकडा भरायचाय. म्हनून माझी लेक ठिवून घ्यायलाव तुमी.”

“व्हय,” कोंडाबाई म्हणाल्या. “त्याच्यासाठीबी.”

 विहीणबाईंची भांडायची तयारी होती, कबुलीची नव्हती.

“तुमच्या गावात सिस्टर हाय का?” कोंडाबाईंनी विचारलं.

“नसना का. लेकीचं पयलं बाळातपन आईनं करायचं आसतंय. लोक म्हनतील, आईला चार दीस करून घालनं झेपलं न्हाई.”

“म्हंजी तुमाला करायचंय. गाव कोनतं का आसंना.”

“मंग? आई हाय मी तिची.”

कोंडाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि विहिणीच्या हातात दिली. “हे घर आजपासून तुमचं. चूल तुमची, कोठी तुमची, लेक तुमची. मी मेंढराकडं जाते ऱ्हायला.”

“आन लोक?”

“लोकाला म्हना, माझ्या लेकीचं माहेर हितं आलंय. सासू घरात नसली की सासर कसलं?”

आणि त्या खरंच गेल्या. घोंगडं, तवा आणि मुलगा एवढंच घेऊन गेल्या. मुलगा तेव्हा जेवत होता. तो ताटासकट निघाला. शिवारात मेंढरांच्या जाळीपाशी पाल ठोकलं आणि बाळंतपणाआधीचा पंधरवडा आणि नंतरचा सव्वा महिना तिथंच काढला. रोज सकाळी दुधाची बरणी घेऊन स्वतःच्याच दाराशी यायच्या आणि बाहेरून विचारायच्या, “लेकीची आई हाय का घरात?” विहीणबाई ओट्यावर चहा आणून द्यायच्या. घरात या, असं त्या म्हणायच्या नाहीत आणि कोंडाबाई आत जायच्या नाहीत. दोघी इतक्या अदबीनं वागायच्या, की बघणाऱ्याला धाप लागायची.

मीराला सकाळी कळा सुरू झाल्या. उपकेंद्रात सिस्टर आणि विहीणबाई. कोंडाबाई फाटकाबाहेर, मेंढरं त्यांच्याभोवती. मी गाडी चालू करून ठेवली तर म्हणाल्या, “बंद कर ते. धूर तिच्या नाकात जायलाय.” दुपारपर्यंत त्या एकाच दगडावर बसून होत्या. आतून मीरा ओरडली की विहीणबाईंचा आवाज यायचा, पण आता तो दाबलेला: “माझ्या गळ्याला धर. धर गं माय.” त्या लेकीला पाठीमागून धरून बसल्या होत्या, सिस्टर पुढं होती. चार हात मी खिडकीतून मोजले. मग नजर वळवली, कारण ती जागा माझी नव्हती.

सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, “मुलगी. दोघी चांगल्या आहेत.” तिच्यामागून विहीणबाई आल्या, घामानं निथळलेल्या. फाटकाकडं बघून म्हणाल्या, “तितं काय बसलाव? आत या की.”

कोंडाबाई चपला काढून आत गेल्या. मेंढरं माझ्यावर सोपवून गेल्या, आणि त्या तासाभरात मेंढरांनी माझं काय केलं ते मी कुणाला सांगत नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी साहेब स्वतः आले. रजिस्टर पाहिलं, दहा नावं पाहिली, त्यातल्या नऊ लेकींची सासरची गावं पाहिली. हसले नाहीत, पण टोपणही काढलं-लावलं नाही. सुनंदा सिस्टर कायम झाली. वाडीत पेढे इतके वाटले, की मुंग्या गंगाखेडहून आल्या.

सव्वा महिना उलटल्यावर विहीणबाई निघाल्या. मी त्यांना सरकारी गाडीतून फाट्यावर सोडलं असं मी म्हणणार नाही. गाडी त्या बाजूला चालली होती, एवढंच. कोंडाबाई पोचवायला सोबत. ज्या बाईच्या आवाजानं कुत्री घरात जायची, ती वाटभर एक शब्द बोलली नाही. किल्ली परत दिली तीसुद्धा न बोलता. मी आरशातून बघत होतो, मला वाटलं लेकीला सोडून चालल्यात म्हणून असेल.

फाट्यावर एसटीची धूळ लांबून दिसायला लागली, तेव्हा विहीणबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“ईनबाई, धाकटीलाबी आता चौथा लागलाय. आमच्या गावाला सायेब कोनता लागतोय?”

“त्योच,” कोंडाबाई म्हणाल्या. “अकराच्या आत जावा. मंग मिटिंगला जातेत.”