चुना न लागलेली भिंत

या गं, अशा जवळ या. तो मोबाइल आधी पालथा ठेवा. काल शेजारची सून सांगत होती, मिस्तरीला पैसे दिले पण पावती मागायला कसंतरीच वाटलं. कसंतरीच काय वाटायचं त्यात? कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी भांडता, आणि हजारांच्या नोटा मोजून देताना तोंडातून शब्द फुटत नाही? मला राग येतो तुमचा. राग येतो म्हणूनच ही हकीकत लिहायला बसले.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची ती केस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खून नाही, दरोडा नाही. चाळीस हजार रुपयांची केस. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझी चूक मला कुणी तोंडावर दाखवली असेल, तर ती त्या केसमधल्या बाईनं.

मी शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. शाळा दहावीपर्यंत, तीही दुसऱ्या खेपेला सुटले. कायदा शिकले तो ठाण्यात, दुसऱ्यांच्या फिर्यादी लिहिता लिहिता. नावं कुणाची घेणार नाही. ज्याची त्याला कळतील.

दसऱ्याच्या आधीचा बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणाचा खिसा कापलेला, कुणाची शेळी हरवलेली. त्या गर्दीत महिला मदत कक्षाच्या दाराशी एक बाई तासभर उभी होती. पस्तिशीची असेल, हातात तहसीलबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहून आणलेला अर्ज. मी म्हटलं, "बस की माय, उभी काहून?"

"बसलं की नंबर जातो, बाईसाहेब."

तिची गोष्ट अशी. नवरा-बायको दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. मोळ्या वाहून वाहून नवऱ्याची कंबर गेली. लेक सातवी पास झालेली. तिला परत फडावर न्यायचं नाही, असं हिनं मनाशी पक्कं केलं. साठवलेल्या पैशातून पिठाची जुनी गिरणी घेतली. गिरणीला पत्र्याचं शेड आणि शटर पाहिजे, म्हणून तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याला होळीनंतर चाळीस हजार आगाऊ दिले. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. कधी मशीन जळाली, कधी पाइपचा भाव वाढला. त्याची सासू तर त्या सहा महिन्यांत दोनदा वारली.

"आन गिरणी?" मी विचारलं.

"अंगणात हाय. मेणकापडाखाली. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येऊन राहिली. शेड न्हाई झालं तर मला लेकराला घेऊन गाडीत बसावं लागतं. तिची शाळा संपली मंग."

एवढंच होतं सगळं. शेड किंवा पैसे, नाहीतर लेकीची शाळा.

मी अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी दोन ओळी वाचल्या. "दिवाणी बाब आहे. पोलीस ठाणं म्हणजे वसुलीचं दुकान नाही. समजपत्र द्या आणि मोकळ्या व्हा." समजपत्र म्हणजे, तुमचं काम पोलिसांचं नाही, कोर्टात जा, असं सांगणारा कागद. साहेबांचं बराबर होतं. पण अर्जाची चौकशी करायला काही हरकत नव्हती, म्हणून मी वेल्डिंगवाल्याला बोलावून घेतलं.

आला. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. आल्या आल्या पायाच पडला. "मावशी, कशी हाय तब्येत?"

खोटं बोलणारा माणूस घाबरतो, असं सिनेमात दाखवतात. तसं नसतं. नवखा घाबरतो. मुरलेला माणूस तुमच्याशी नातं लावतो. मला कुणी ठाण्यात मावशी म्हटलं, की मी पेन उघडायची.

"चाळीस हजार घेतलेस?"

"घेतले की. चार माणसांदेखत घेतले, न्हाई कशाला म्हणू?"

"शेड का नाही केलं?"

"कुठलं शेड?" त्यानं असा चेहरा केला, जसं काही मी त्याला विमानाबद्दलच विचारतेय. "मावशी, ते हातउसने होते. मला नड होती, बाईनं दिले. देईन सवडीनं. शेडचा विषयच न्हाई. तुमच्या हातातला अर्ज वाचा, तिनंच काय लिहिलंय ते."

मी वाचलं. अर्जनवीसानं ती बोलली तसंच उतरवलं होतं: *सदर इसमास मी चाळीस हजार रुपये उचल दिली.* उचल. झालं! तो हसला. "उचल म्हणजे उसनेच की. ती काय माझं गिऱ्हाईक न्हाई. असेल शेडचा काही कागद, तर दाखवा."

मी त्या बाईला विचारलं, "कागद आहे का काही?"

"न्हाई."

"पावती? चिठ्ठी? कार्डाच्या मागं लिहिलेलं काही?"

"न्हाई जी. कागद न्हाई."

मी तिसऱ्यांदाही तेच विचारलं, तिसऱ्यांदाही तिनं मान हलवली. तो मला नमस्कार करून गेला आणि जाताना दारातून म्हणाला, "चहाला या मावशी दुकानावर." हात असा शिवशिवला म्हणता! पण हात उचलला की केस त्याची होते, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते.

मी तिला समजपत्र दिलं आणि सोबत सांगितलं, की हिंगोलीला ग्राहक आयोग आहे. कारागिरानं पैसे घेऊन काम केलं नाही तर तिथं दाद मागता येते. साध्या कागदावर तक्रार, आपल्या भाषेत. एवढ्या लहान रकमेला फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही. गिरणी तू स्वतः चालवून पोट भरणार, म्हणून तू ग्राहकच. "फक्त पैसे शेडसाठी दिले, हे दाखवावं लागेल."

"मंग मुकादमाला काय सांगू? तो उचल घेऊन बसलाय दारात."

हातात काही नसताना मी बोलून गेले, "या साली घेऊ नको. मी आहे." बोलले, आणि घरी गेल्यावर भाकरी गोड लागेना. माझ्या शब्दावर एका घराचं वर्षभराचं पोट टांगलेलं होतं.

दसरा झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी ठाण्यासमोरच्या चहावालीनं मला कप देता देता म्हटलं, "बाई, तुमचा तो वेल्डिंगवाला लई दानशूर झालाय. त्या तांड्यावरच्या बाईकडं रंगारी पाठवून राहिला आज. फुकट चुना मारून द्यायला."

"कुणी सांगितलं?"

"रंगारीच इथं चहा पिऊन गेला ना! मजुरी रोख घेतली म्हणला."

मी कप खाली ठेवला. जो माणूस घेतलेले पैसे देत नाही, तो आपल्या खिशातून रंगाऱ्याची मजुरी देतो? आणि चुना तर तो आधीच लावून बसला होता, परत कशाला लावतोय? साहेबांना सांगून, स्टेशन डायरीला नोंद करून मी आणि एक महिला शिपाई मोटारसायकलवर तांड्याकडे निघालो.

अंगणात पोचलो तर भांडण रंगात आलेलं. रंगारी हातात ब्रश घेऊन, ही दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी.

"हात लावशील तर बघ!"

"अवं बाई, फुकट हाय! लोक हातापाया पडतात फुकट चुन्यासाठी."

"मंग त्या लोकांच्या घरी जा."

मी आत डोकावून आले. घर दसऱ्याला पांढरंशुभ्र केलेलं होतं, तिनंच, स्वतःच्या हातानं. सगळ्या भिंती चमकत होत्या. मी रंगाऱ्याला विचारलं, "इथं तर चुना झालाय. तू मारणार कुठं?"

त्यानं गरिबानं खरं सांगून टाकलं. "मालकानं सांगितलं, दाराच्या उजव्या अंगाचा तेवढा भाग मार, बाकीचा राहू दे."

मी तिला म्हटलं, "सरक बरं जराशी."

ती सरकली. पांढऱ्या भिंतीत दोन विती लांब-रुंद चौकोन, जुन्या पिवळट रंगाचा, कडेनं नीट राखून ठेवलेला. आणि त्या चौकोनात निळ्या मार्करनं लिहिलेलं:

*पत्रा शेड १२ बाय २०. शेटर १. एकूण बासष्ट हजार. इसार चाळीस हजार मिळाले. बाकी काम झाल्यावर.* खाली तारीख आणि शेपूट ओढलेली सही.

मी ते दोनदा वाचलं. माप घ्यायला आला तेव्हा वेल्डिंगवाल्यानं पावतीबुक आणलं नव्हतं, म्हणून भिंतीवर लिहून दिलं होतं. "माय माझे," मी म्हटलं, "तीनदा विचारलं तुला! सांगितलं काहून न्हाईस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी कागद विचारला, बाईसाहेब. भिंत कुठं विचारली?"

शिपाईबाई तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. हसू मला पण आलं, पण मेल्याहून मेल्यासारखंही वाटलं. दुसऱ्याकडून खरं काढून घ्यायचं काम करून जिचे केस पिकले, तिला प्रश्न विचारता आला नव्हता.

"आन हा चौकोन चुन्यातून ठेवलास कशाला? पुरावा म्हणून?"

"न्हाई जी. पुरावा मला काय कळतो? त्याचं काम झालं न्हाई, तर त्याचं लिहिलेलं काहून पुसू? तांड्यावरच्या बाया हसून राहिल्या, म्हणल्या भिंतीला ठिगळ ठेवलंय. हसू द्या."

दिवाणी कामात पोलिसांचा पंचनामा नसतो, म्हणून तो मी केला नाही. तिच्याच मोबाइलवर फोटो काढायला लावले, लांबून, जवळून, दारासकट. ज्या चार माणसांदेखत पैसे दिले त्यांतल्या दोघांना शपथपत्र द्यायला तयार केलं. रंगाऱ्याला विचारलं, "तू सांगशील, तुला काय मारायला सांगितलं ते?" तो म्हणाला, "माझी मजुरी तर मिळालीय. सांगीन की!"

ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. मुकादमाची गाडी आली आणि तिच्या दारावरून रिकामी गेली. तो हिवाळा आणि उन्हाळा तिनं हळदीच्या कामावर काढला. काढणी, शिजवणी, जे मिळेल ते. लेक शाळेत जात राहिली. गिरणी मेणकापडाखालीच.

सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. त्याच्या वकिलानं तिचाच जुना अर्ज पुढे केला. उचल म्हणजे उसने, उसन्याचा वाद इथं चालत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आयोगाच्या अध्यक्षांनी वरच्या खुर्चीवरून तिला विचारलं, "बाई, उचल म्हणजे तुमच्याकडे काय?"

ती पदर सावरून उठली. मग बोलली.

"साहेब, काम करायच्या आधी जे देतात ती उचल. आमाला मुकादम देतो. उचल घेतली की कोयता उचलावाच लागतो, अंगात ताप असू दे न्हाईतर पोटात लेकरू असू दे. पळून गेलं तर मुकादम दारातलं जनावर सोडून नेतो. मी सात वर्षं उचल घेतली आन सात वर्षं फेडली. ह्यानं एकदाच घेतली माझ्याकडून. एक पाइप उचलला न्हाई."

मग भिंतीचे फोटो पुढे गेले. तो उठून म्हणाला, हे अक्षर माझं नाही.

त्याची तयारी आम्ही केली होती. मी ठाण्यात जाताना रोज त्याच्या दुकानावरून जायची. दुकानाच्या पाटीवर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेलं होतं: *येथे पत्रा शेड व शेटर बनवून मिळेल.* शटर नाही, शेटर! त्या पाटीचा फोटोही कागदपत्रांत लावला होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवले गेले. वर बसलेल्या साहेबांनी आधी एक पाहिला, मग दुसरा, आणि चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या वकिलानं फाइल मिटली. त्यात रंगाऱ्याचं शपथपत्र होतंच. पैसे उसने होते, तर भिंत पुसायला माणूस कशाला पाठवला?

निकाल तिच्या बाजूनं लागला. चाळीस हजार, त्यावर व्याज, झालेल्या तकलीफीचे वेगळे आणि खर्चाचे वेगळे. तरी हा पठ्ठ्या मुदत संपेपर्यंत गप्प. मग तिनं अंमलबजावणीचा अर्ज दिला आणि त्याच्या नावानं वॉरंट निघालं. बजावणीसाठी आलं कुठं? आमच्याच ठाण्यात. दिवाणी म्हणून ज्या टेबलावरून ती परत गेली होती, त्याच टेबलावर.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, हा तुमचा."

दुकानावर गेले तेव्हा तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून उभा होता. वॉरंट पाहून चेहरा उतरला. "मावशी, तुमचेच साहेब तर म्हणले होते, हे दिवाणी हाय."

"तेव्हा होतं. आता चल. आणि घरी सांगून ठेव, सासूला म्हणावं आता तिसऱ्यांदा वारू नको."

समोरचा टायरवाला एवढा हसला, की त्याच्या हातातला पाना पडला. दुपारच्या आत पै न् पै भरली त्यानं. सवड सापडली!

दुसऱ्या एका मिस्तरीकडून शेड उभं राहिलं. तिनं त्याच्याकडून पावती घेतली आणि वर भिंतीवरही लिहून घेतलं. तो म्हणाला, बाई, पावती दिली ना? ती म्हणाली, "कागद उंदीर खातो." गिरणी सुरू झाली त्या दिवशी मला बोलावणं आलं. जुना चौकोन अजून तसाच होता. तिनं चुन्याची बादली आणि ब्रश माझ्या हातात दिला. "आता पुसा, बाईसाहेब. काम झालं." मी एक हात मारला, दुसरा तिनं मारला, तिसरा लेकीनं.

ती केस मला काय शिकवून गेली? कायद्याची हद्द मोठी असते; एका दारावर नाही म्हटलं म्हणून माणसानं सगळी दारं बंद समजू नयेत, हे तर आहेच. पण त्याहून जास्त मी प्रश्न विचारायला शिकले. नंतर कुणी अडाणी बाई तक्रार घेऊन आली, की मी "पुरावा आहे का" असं कधी विचारलं नाही. म्हणायची, "बस, आणि पहिल्या दिवसापासून सांग. कोण कुठं उभं होतं, कशावर लिहिलं, काय बोललं." खरं तिच्याजवळ असतंच. आपल्या शब्दात नसतं, तिच्या शब्दात असतं.

आता निवृत्त होऊन बसलेय औंढ्याच्या रस्त्याला. ज्वारी अजून तिच्याच गिरणीवर दळायला पाठवते. लांब पडते, पण पाठवते. लेक कॉलेजात जाते. दाराच्या उजव्या अंगाला तो चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा जरासा जास्त पांढरा दिसतो. कोवळ्या उन्हात तर लगेच ओळखू येतो.

तुम्हाला दाखवते, याच एकदा. नागनाथाच्या दर्शनाला येता आणि तशाच परस्पर जाता, ते चालायचं नाही. घरी या, त्याच पिठाची भाकरी खायला घालते. आणि लवकर या गं. येताना मिस्तरीची पावती घेऊन या, म्हणजे मला आधी रागवायला लागणार नाही.